झॅबिक्स आणि आमची तक्रारवही: अकरा महिन्यांचा अनुभव

आमची पतसंस्था 46 शाखांची. बहुतेक शाखा कोल्हापूर जिल्ह्यात, काही घाट उतरून सिंधुदुर्गात. आयटीत आम्ही तिघं. शाखेची नेटवर्क लिंक पडली हे आम्हाला शाखेतून फोन आल्यावरच कळायचं आणि त्याची नोंद एका जाड वहीत व्हायची: तारीख, शाखा, ‘लिंक बंद, फोन केला’. कोणी केला, कोणाला केला, लिंक कधी चालू झाली, काही पत्ता नाही. अकरा महिन्यांपूर्वी लिंक, राउटर, सर्व्हर यांच्यावर नजर ठेवणारं झॅबिक्स 7.0 हे सॉफ्टवेअर बसवलं आणि शेजारी तिकिटांसाठी, म्हणजे तक्रारींच्या नोंदींसाठी, झॅमॅड. लायसन्सला पैसे लागले नाहीत. एक जुना सर्व्हर आणि आमच्या बऱ्याच संध्याकाळी गेल्या.

बसवायचं कसं, होस्ट (नजर ठेवायची उपकरणं) जोडायचे कसे, यावर ढीगभर लिहिलेलं सापडतं, ते सोडतो. मला सांगायचंय ते इव्हेंट आणि तिकिटांबद्दल, कारण आपटलो ते तिथेच.

झॅबिक्समध्ये ट्रिगर (बिघाड ओळखायची अट) बिघडला की एक इव्हेंट (घटनेची नोंद) होतो, सावरला की दुसरा. त्यावर काय करायचं ते ‘ॲक्शन’ ठरवते. आम्ही हौसेनं ठरवून टाकलं: प्रत्येक प्रॉब्लेमचं तिकीट. पहिल्याच पावसाळ्यात रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं फायबर तोडली. त्या मार्गावर एका राउटरमागे 14 शाखा. प्रत्येकीचा पिंग (‘आहेस का?’ अशी हाक), राउटरचं एसएनएमपी (उपकरणाची खबर विचारायची पद्धत) आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, शिवाय मधला राउटर. दहा मिनिटांत 43 तिकिटं! त्या गर्दीत दुसऱ्या टोकाच्या एका शाखेचं खरंखुरं वेगळं तिकीट दुपारपर्यंत कोणी उघडलंच नाही. चूक सर्वस्वी आमची.

यावरचा इलाज आतच होता, ट्रिगर डिपेंडन्सी. मधला राउटर पडलेला असेल तर मागच्या शाखांचे ट्रिगर हलतच नाहीत, इव्हेंटही होत नाही. पण एक गोम आहे. शाखेच्या पिंगची पाळी आधी आली तर ती शाखा आधी बोंब मारते आणि तिकीट निघून जातं. म्हणून मधल्या राउटरला दर 20 सेकंदांनी पिंग ठेवला, शाखांना 60 सेकंदांनी. दोन्हीकडे सलग तीनदा उत्तर नाही आलं तरच ट्रिगर. शिवाय तिकीट ॲक्शनच्या पहिल्या पायरीवर न काढता पाच मिनिटांनंतरच्या दुसऱ्या पायरीवर टाकलं. तेवढ्यात लिंक सावरली तर तिकीट निघतच नाही. निम्मी डोकेदुखी या एका बदलानं गेली.

उरलेली डोकेदुखी आपल्याकडच्या रीतीभातींची. संध्याकाळी शाखा बंद करताना सेवक मेन स्विच पाडून घरी जातात. विजेचं बिल वाचतं, त्यात त्यांचं काही चुकत नाही, पण आमच्याकडे रोज साडेसहाला लाल रांग लागायची. अशा शाखांना संध्याकाळी साडेसहा ते सकाळी साडेनऊ असा रोजचा मेंटेनन्स लावला. माहिती गोळा होत राहते, प्रॉब्लेम दाबून ठेवला जातो आणि साडेनऊनंतरही लिंक आलेली नसेल तर तिकीट निघतं. नेमकं हेच हवं होतं.

डोंगरातली एक शाखा उपग्रहाच्या लिंकवर आहे. पिंगच्या तयार टेम्प्लेटमध्ये (साच्यात) उत्तराला 150 मिलिसेकंदांच्या वर वेळ लागला की इशारा असतो. उपग्रह जवळपास 36 हजार किलोमीटर वर. सिग्नल चढून उतरायचा आणि उत्तरही तसंच चढून उतरायचं, म्हणजे प्रकाशाच्या वेगानं गेलं तरी 480 मिलिसेकंद लागणारच. बिचारी शाखा कायम पिवळी. त्या होस्टपुरता मॅक्रो (या मर्यादेचा आकडा) 0.9 सेकंद केला आणि ती शांत झाली.

तीव्रतेच्या सहा पातळ्या आहेत, सगळ्यात वरची ‘डिझास्टर’. एकदा पडद्यावर तो शब्द बघून साहेब धावत आले, “काय बुडालं?” त्या पातळ्यांची नावं बदलता येतात. आम्ही तीनच वापरतो: ‘लगेच फोन’, ‘आज बघा’, ‘नोंद’. तिकीट पहिल्या दोन्हींचंच.

यूपीएसनं मात्र बराच काळ छळलं. लाइट गेली की आधी यूपीएस बॅटरीवर जातो, मग तासा-दोन तासांनी राउटर मान टाकतो. आम्ही लिंकवाल्यांकडे तिकीट टाकायचो, ते म्हणायचे, “तुमच्याकडे लाइटच नाही.” इथे डिपेंडन्सी लावायचा मोह झाला होता. पण मग लाइट गेलेली असताना खरोखर फायबर तुटली तर कळणार कसं? म्हणून यूपीएसचा इव्हेंट ‘कारण’ आणि लिंकचा ‘लक्षण’ असं हातानं जोडतो. 6.4 पासून ही सोय आहे. लक्षणं यादीत कारणाखाली मिटून बसतात. हातानं करावं लागतं हे खरं, पण तेवढा विचार माणसानं केलेला बरा.

जे खटकतं तेही सांगतो. प्रॉब्लेम ‘ॲक्नॉलेज’ करता येतो (‘पाहिला’ अशी खूण), त्यावर टीप लिहिता येते, पण तो अमक्याच्या नावावर टाकायला जागा नाही. मालक ठरतो तो झॅमॅडमधल्या तिकिटावर. तिकिटाचा दुवा इव्हेंटच्या मेनूत येतो, म्हणून चालून जातं. लिंक परत आली की तिकिटावर नोंद पडते. बंद मात्र आम्हीच करतो, तेही बिघाडाचं कारण लिहिल्याशिवाय नाही. आणि एसएनएमपी ट्रॅपवरच्या (उपकरण स्वतःहून पाठवतं त्या निरोपावरच्या) ट्रिगरला ‘हातानं बंद करू द्या’ ही खूण आठवणीनं लावा. यूपीएस बॅटरीवर गेल्याचं कळवतो, परत आल्याचं कळवेलच असं नाही, मग तो इव्हेंट महिनोन्‌महिने उघडा लोंबकळतो.

लिंकवाल्यांच्या बिलातून बंद वेळेचे पैसे कापून घ्यायला या नोंदी फार उपयोगी पडल्या. फक्त तिसऱ्या पिंगला ट्रिगर पडतो, म्हणजे आमची वेळ खऱ्यापेक्षा दोनेक मिनिटं उशिराची असते. दावा करताना ट्रिगरची वेळ न देता पहिला चुकलेला पिंग दाखवतो.

दिवाळीच्या आठवड्यात तीन दिवस एकही तिकीट आलं नाही. आम्ही खूश. चौथ्या दिवशी आजऱ्याहून फोन आला की लिंक सकाळपासून बंद आहे. बघतो तर झॅबिक्सच्याच सर्व्हरची डिस्क भरलेली. दिवसभर पुन्हा वहीत लिहिलं. आता रोज सकाळी 9 वाजता एक स्क्रिप्ट झॅबिक्स सेंडरनं (झॅबिक्सला माहिती पाठवायच्या छोट्या साधनानं) खोटा बिघाड पाठवते आणि त्याचं तिकीट निघतं. ते सव्वानऊपर्यंत आलं नाही, की चहा नंतर, आधी सर्व्हर.