एबीए थेरपी: दीडेक वर्षाचा अनुभव आणि बंद करण्याचा निर्णय

उपयोग झाला. हे आधी सांगते, कारण थेरपी बंद केली म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी बिनसलं असणार. मुलाला ऑटिझम आहे. एबीए म्हणजे एकेक गोष्ट छोट्या पायऱ्यांत, बक्षीस देऊन शिकवायची थेरपी. सुरू केली तेव्हा मुलाला काही हवं असलं की तो हात धरून ओढत न्यायचा, आपल्याला कळलं नाही तर भिंतीवर डोकं आपटायचा. आता चित्राचं कार्ड देतो, काही गोष्टी बोलून मागतो, डोकं आपटणं जवळपास गेलं. शी-शू सांगतो. ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांनाच या दोन शब्दांची किंमत कळेल.

आम्ही अमळनेरचे, सेंटर जळगावला. निम्मा आठवडा रेल्वेत, मे महिन्यातसुद्धा. तरी सेंटरचं पालुपद एकच, तास वाढवा. आठवड्याला ४० तासांचा आकडा तुम्हालाही ऐकवतील. तो अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या १९८७ च्या एबीएवरच्या अभ्यासातला. लहान वयाची १९ मुलं, दोन वर्षं किंवा जास्त, एका मुलामागे एक शिकवणारा. त्यातली ९ मुलं नेहमीच्या शाळेत पहिली पार करून गेली. पण मुलं चिठ्ठ्या टाकून गटांत वाटलेली नव्हती, आणि तेव्हा तिथे शिक्षेचाही वापर होत असे. त्या आकड्यापायी कर्ज काढू नका.

बंद करायचं कसं ठरवलं? सेंटरच्या प्रगतीच्या फाइलवरून नाही. फाइलमध्ये ‘मागणी करणे’ कधीच पूर्ण झालं होतं. थेरपी देणाऱ्या मॅडमनी ‘काय पाहिजे?’ विचारलं की उत्तर यायचं. घरी सासूबाई अहिराणीत विचारायच्या, ‘तुले काय जोयजे?’ आणि हा गप्प. मग आम्ही हट्टच धरला की नवीन टार्गेट नको, आहे तेच घरात, दुकानात, आजीसोबत पक्कं करा. मॅडमनी मनापासून केलं, सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर शिकवलं. काही महिन्यांनी तो रिवॉर्डच्या चॉकलेटशिवाय आजीकडे पाणी मागू लागला, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आता कमी करता येईल.

उरलेल्या टार्गेटमध्ये काय होतं? फळांची आणखी कार्डं, इतके सेकंद डोळ्याला डोळा, हात फडफडवणं बंद. हात फडफडवून कुणाचं काय बिघडतं? ऑटिझम असलेली मोठी माणसं स्वतः सांगतात की हे दाबण्याचा त्रास त्यांना पुढे फार झाला. आम्ही ते खोडायला लावलं. त्याच सुमारास तो थेरपीच्या दिवशी प्लॅटफॉर्मवर बसकण मारू लागला. मामाकडे जायचं असलं की मात्र उडी मारून गाडीत चढायचा. ‘नाही’ म्हणायला त्याच्याकडे शब्द नाही, हेच त्याचं ‘नाही’ असं मी धरलं.

‘मागे जाईल’ अशी भीती सेंटरने घातली. बंद करायची योजना मात्र मागूनही दिली नाही. तेवढ्यासाठी सेंटरला माझ्याकडून दोन गुण कमी. एकदम तोडलं नाही. दिवस हळूहळू कमी केले, शेवटी महिन्यातून एक भेट ठेवली. परत कधी सुरू करायचं तेही लिहून ठेवलं: डोकं आपटणं आठवडाभर टिकलं, किंवा शी-शू सांगणं सुटलं तर. दिवाळीत पाहुण्यांच्या गर्दीत थोडं सुटलं होतं, शाळा सुरू झाल्यावर आलं. स्पीच थेरपी, म्हणजे बोलण्याची, चालूच आहे.

मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर माझं ऐकून बंद करू नका. पैशांमुळे थांबत असाल तर आधी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा बघा. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे, थेरपीचा खर्चही त्यात बसतो, पण त्याला वेगळी मर्यादा आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. आणि सेंटरकडून दर सेशनची सही-शिक्क्याची पावती त्याच दिवशी घ्या, महिन्याच्या शेवटी मागितली की टाळाटाळ होते.