नाव नामांकित, खुणा बनावट: जुन्या मोटारीच्या पान्यांचा संच घेताना झालेली फसवणूक

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या जर्मन मोटारीसोबत कारखान्यातूनच आलेला मूळ संच म्हणून मला जे पाने विकण्यात आले, त्यांतील बरेचसे युद्धानंतरचे आणि काही तर अगदी अलीकडचे होते. त्यांच्यावरच्या खुणा घासून किंवा नव्याने कोरून त्यांना ते वय चढवण्यात आले होते. जुनी मोटार मूळ स्वरूपात उभी करू पाहणारा प्रत्येक जण कधी ना कधी असा संच शोधतो आणि विक्रेत्यालाही ते पक्के ठाऊक असते, म्हणून हा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

विक्रेत्याने पाठवलेल्या छायाचित्रांत प्रत्येक पान्याची नाव असलेली बाजूच तेवढी दिसत होती. ते नाव हाझेटचे होते. जर्मनीतील रेमशाइडचा हा अवजारांचा कारखाना १८६८ पासूनचा, त्यामुळे युद्धपूर्व मोटारीच्या संचात ते नाव असणे अगदी स्वाभाविक वाटते. मात्र तेच नाव युद्धानंतरही चालू राहिलेले असल्यामुळे नुसत्या नावावरून वय मुळीच ठरत नाही. वय सांगतात त्या नावाशेजारच्या लहान खुणा, आणि विक्रेत्याने हात फिरवला होता तो नेमका त्यांच्यावर.

१७ आणि १९ मापांचा दुतोंडी पाना हातात घेतल्यावर दांड्यावरचा ‘जर्मनी’ हा शब्द मध्यभागी नसून एका बाजूला सरकलेला आहे आणि त्याच्या आधीची जागा विनाकारण मोकळी आहे, हे लक्षात आले. पाना खिडकीसमोर तिरपा धरला तेव्हा चौकटीच्या सरळ कडेचे प्रतिबिंब त्या मोकळ्या जागेवर येताच वाकत होते. म्हणजे तिथे उथळ खळगा होता, आणि व्हर्नियर कॅलिपर लावल्यावर जाडीही तेवढ्याच भागात कमी भरली. याचे कारण उघड आहे. १९४९ ते १९९० या काळात पश्चिम जर्मनीत बनलेल्या मालावर ‘वेस्टर्न जर्मनी’, ‘वेस्ट जर्मनी’ किंवा ‘डब्ल्यू. जर्मनी’ असे छापले जाई. त्यातला पहिला शब्द घासून काढला, वर क्रोमचा नवा मुलामा दिला, की उरतो तो नुसता ‘जर्मनी’, आणि पाना युद्धपूर्व म्हणून विकायला मोकळा. ती अक्षरे भिंगाखाली पाहिली तर पॉलिशने त्यांच्या कडा बोथट झालेल्या आणि खाचांत मुलामा साचलेला दिसत होता.

दुसऱ्या एका पान्यावर तर मुळात कोणाचेच नाव नसावे. घडीव पान्यावरची उठावाची अक्षरे साच्यातूनच येतात, त्यामुळे त्यांचा पृष्ठभाग आणि आजूबाजूच्या धातूचा पृष्ठभाग एकाच पोताचा असतो. ठशाने ठोकलेल्या अक्षरांत धातू दाबला जातो, म्हणून तळ गुळगुळीत राहतो. या पान्यावरची अक्षरे यंत्राने कोरलेली होती: सर्व रेषा एकाच रुंदीच्या, त्यांची टोके गोल आणि तळाशी कोरणीचे बारीक ओरखडे. दांडा गंजाने तपकिरी झाला होता, पण अक्षरांच्या तळाशी स्वच्छ, चकचकीत धातू दिसत होता. गंज जुना आणि अक्षर नवे, याहून स्पष्ट पुरावा मला तरी माहीत नाही.

पक्कडीवर घासायचे एक ठिकाण मात्र राहून गेले होते. रिव्हेटजवळच्या, ग्रीसने भरलेल्या सांध्यात ‘डी.बी.पी.’ अशी खूण होती, आणि ती संघराज्य जर्मनीच्या, म्हणजे युद्धानंतरच्या पश्चिम जर्मनीच्या, पेटंटची आहे. युद्धापूर्वीच्या मालावर तिथे ‘डी.आर.पी.’, म्हणजे तेव्हाच्या जर्मन राइखच्या पेटंटची खूण, असते.

इतर देशांच्या संचांनाही हीच शिस्त लावावी. अमेरिकेत क्रमांक १०,००,००० चे पेटंट १९११ मध्ये आणि २०,००,००० चे १९३५ मध्ये दिले गेले, त्यामुळे पान्यावर पेटंट क्रमांक असेल तर तो पाना त्या पेटंटच्या वर्षाआधीचा नाही एवढे नक्की ठरते; नंतरचा मात्र कितीही असू शकतो. युद्धपूर्व ब्रिटिश मोटारीच्या संचात ए.एफ. मापांचे (जबड्याची रुंदी इंचात सांगणारे) पाने निघाले तर शंका घ्यावी, कारण तिथे तेव्हा व्हिटवर्थ ही जुनी ब्रिटिश मापे रूढ होती, आणि व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा जबड्याची रुंदी नव्हे तर बोल्टचा व्यास सांगतो.

विक्रेत्याला हे सारे छायाचित्रांसह कळवल्यावर त्याने आधी ‘माल पाहून घेतला होता’ असे उत्तर दिले. त्याच्याच जाहिरातीत ‘मूळ’ आणि ‘युद्धपूर्व’ हे शब्द लेखी होते, ते पुढे केल्यावर रक्कम कापून घेऊन त्याने संच परत घेतला. त्या जाहिरातीची प्रत मी ठेवली नसती तर तेवढेही झाले नसते. पैसे देण्यापूर्वी प्रत्येक नगाच्या दोन्ही बाजूंची, तिरप्या उजेडात काढलेली छायाचित्रे मागवावीत. टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच थांबवावा.

तो संच आता पुन्हा त्याच विक्रेत्याकडे आहे आणि पुन्हा विक्रीला येईल, म्हणून ओळख सांगून ठेवतो. पिशवी जाड हिरव्या कापडाची, गुंडाळून पट्ट्याने बांधायची आहे. तिची शिवण कृत्रिम धाग्याची असून धाग्याचे टोक ज्योतीला लावले तर सुती धाग्यासारखी राख न होता वितळून गोळी होते. आतल्या सर्वांत लहान पान्याच्या एका जबड्यावर कानशीचे तीन आडवे ओरखडे आहेत.