तळपाय जमिनीवर दाबा: जागतिक आरोग्य संघटनेची मोफत पुस्तिका

मी फिजिओथेरपिस्ट, मूळची सांगलीची, सध्या हॅम्बुर्गला. शनिवारी एका निर्वासित निवाऱ्यात बायकांचा व्यायाम घेते. ‘ट्रॉमा’ म्हणजे मनावरचा खोल आघात, पण हा शब्द घेऊन कुणी येत नाही. मान आखडलीय, छातीवर दडपण येतं, झोप लागत नाही, असंच सांगतात.

तिथे मी ‘डुइंग व्हॉट मॅटर्स इन टाइम्स ऑफ स्ट्रेस’ वापरते. ताणाला तोंड कसं द्यायचं ते सांगणारी २०२० ची सचित्र पुस्तिका, सोबत ऑडिओ, सगळं फुकट. अरबी आणि युक्रेनियनमध्येही मिळते. भाग पाच, पण माझ्या कामाचा पहिलाच. श्वास संथ करायचा, तळपाय जमिनीवर दाबायचे, हात ताणायचे, बोटांची टोकं एकमेकांवर हलकेच दाबायची. मग समोर काय दिसतंय, काय ऐकू येतंय ते टिपायचं. बस्स. याने भावनांचं वादळ थांबत नाही, ते ओसरेपर्यंत तग धरता येतो, हे पुस्तिकाच सांगते. शिवाय काय भोगलं ते कुणापुढे उगाळावं लागत नाही. गटातल्या एक सिरियन मावशी सरकारी कचेरीच्या रांगेत उभ्या उभ्या करतात. शेजारच्याला पत्ताही लागत नाही.

खटकतं ते श्वासाचं. काहीजणींचं श्वासाकडे लक्ष गेलं की धडधड उलट वाढते. त्यांना मी आधी भिंतीला दोन्ही तळवे लावून जोर द्यायला सांगते. डोळे उघडे, आणि मान वळवली की दार दिसेल अशा बेताने उभं राहायचं. दार नजरेत नसेल तर त्या सैलावतच नाहीत.

पुस्तिकेमागे ‘सेल्फ-हेल्प प्लस’ हा पाच बैठकांचा कार्यक्रम आहे. युगांडात ६९४ दक्षिण सुदानी निर्वासित स्त्रियांवर त्याची चाचणी झाली, आणि तीन महिन्यांनंतरही मनाचा त्रास कमी होता. पश्चिम युरोपातल्या चाचणीत मात्र सहा महिन्यांनी फरक उरला नाही. कारणं संशोधकांनी शोधावीत. आश्रयाच्या अर्जाचा निकाल लटकलेल्या बाईची मान शनिवारी सैल होते आणि सोमवारच्या टपालाने पुन्हा आखडते, एवढं मी बघते.

पाचपैकी चार तारे. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कुणी करत असेल तर पुस्तिका बाजूला ठेवा आणि तडक डॉक्टर गाठा. बाकीच्यांनी ऑडिओ आधीच फोनवर उतरवून घ्या, निवाऱ्यातल्या वायफायचा काही भरवसा नसतो.