सोलर पॅनेलला कोणता नटबोल्ट घालायचा : जीआय की एसएस?

बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं मिश्रण, करताना आपण त्यात विळा बुडवून बघतो. पात्यावर तांबूस पुट चढलं की चुना कमी पडलाय, हे तासगाव-पलूसच्या द्राक्षवाल्याला सांगावं लागत नाही. मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं, त्या बदल्यात लोखंड विरघळतं. बागेच्या कडेला सोलर पंपाचं पॅनेल बसवताना हीच गोष्ट सावकाश घडते. चौकट ॲल्युमिनियमची, स्ट्रक्चर जीआयचं, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचं, मध्ये बोल्ट. वेगवेगळे धातू टेकले आणि त्यात ओल राहिली की कच्चा, म्हणजे लवकर झिजणारा, धातू आधी खाल्ला जातो.

जीआय म्हणून दुकानात दोन प्रकार मिळतात. चकचकीत प्लेटिंगवाल्यावर जस्ताचा थर जेमतेम ५ ते ८ मायक्रॉन असतो, तो उघड्यावर नकोच. हॉट डिपवर, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेल्यावर, ४० मायक्रॉनच्या पुढे थर असतो. रंग मळकट, पण टिकतो. त्याला त्याचाच नट घ्या, साधा चढत नाही. त्यातल्या ८.८ ग्रेडच्या बोल्टची ताकद ८०० मेगापास्कल. एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील; त्यातल्या ३०४ च्या नेहमीच्या ए२-७० ग्रेडच्या बोल्टची ७००, आणि किंमतही जास्त.

तरी पॅनेलच्या चौकटीला मी एसएसच घालतो. एसएस हा ॲल्युमिनियमपेक्षा पक्का धातू, पण बोल्ट एवढासा आणि चौकट मोठी, म्हणून झीज पसरते आणि हळू होते. उलटं केलं की फसतं : लोखंडी पत्र्यात ॲल्युमिनियमचा रिव्हेट मारला तर सगळी झीज त्या बिचाऱ्या रिव्हेटवर येते.

एसएसची खोड एकच, आटे धरतात. मी एकदा घाईत इम्पॅक्ट मशीनने कोरडेच आवळले. चार नट मध्येच अडकले, ना पुढे ना मागे. शेवटी ग्राइंडरने कापले. आत आटे राहिलेच नव्हते, नुसती खरवडलेली चांदी. तेव्हापासून आट्यांना ग्रीस लावतो आणि हातपान्यानेच आवळतो.

स्ट्रक्चरचे अँगल एकमेकांना जोडायला मात्र हॉट डिप ८.८. तिथे जस्ताला जस्तच भिडतं, भांडण नाही, आणि वाऱ्याचा जोरही तिथेच येतो. जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत पॅनेललाही हॉट डिप चालून जाईल. महाबळेश्वर, जावळी, पाटणकडे जोड महिनोन्‌महिने ओला असतो, तिथे पैसे वाचवू नका, एसएसच घाला. द्राक्षबागेजवळही पॅनेलला हॉट डिप नको. बोर्डोचा फवारा उडून तांबं ॲल्युमिनियमवर आणि जस्तावर बसतं, म्हणून फवारणीनंतर चौकट साध्या पाण्याने धुवाच.

भोक थोडं लांबट ठेवा. ४० अंशांच्या फरकाने २ मीटर ॲल्युमिनियम सुमारे १.८ मिलिमीटर वाढतं, लोखंड १ मिलिमीटरच्या आतबाहेर. धातू एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये नायलॉनचा वॉशर घातला तर अर्थिंग तुटतं, तेव्हा चौकटीला वेगळी वायर द्या. आणि बोल्ट, नट, वॉशर सगळं एका धातूचं मोजून घ्या. एसएसच्या बोल्टाखाली लोखंडी स्प्रिंग वॉशर गेला, तर पहिल्याच पावसाळ्यात त्याचे तांबडे ओघळ चौकटीवर दिसतात.