निळ्या रंगाखाली लपवलेले रोप

खान्देशात थंडी ओसरू लागली की शहराशहरांतील मैदानांवर विक्री-प्रदर्शने भरतात आणि हल्ली पापड-लोणच्यांच्या शेजारी रंगीबेरंगी सक्युलंटच्या, म्हणजे जाड पानांत किंवा खोडात पाणी साठवणाऱ्या रोपांच्या, छोट्या कुंड्यांचा एखादा तरी स्टॉल असतोच. जळगावातल्या अशाच एका स्टॉलवर मला ‘दुर्मिळ निळा कॅक्टस’ म्हणून ३५० रुपयांना जे रोप विकले गेले, ते रंग फवारलेले अगदी सर्वसाधारण रोप निघाले. पैशांचे दुःख मोठे नाही. असे रोप घरी येऊन कोमेजले की घेणारा स्वतःच्या हातालाच दोष देतो आणि विकणारा पुढच्या गावी तोच माल मांडतो, याचा मला फार राग येतो.

“ताई, असा रंग कुठल्या नर्सरीत मिळायचा नाही. उन्हात ठेवा, सकाळी वाटीभर पाणी घाला, रंग आणखी खुलेल,” असे विक्रेत्याने सांगितले होते. बिल मागितले तेव्हा त्याने छापील कार्डावर मोबाइल नंबर तेवढा दिला.

काही दिवसांतच पाने आत वळू लागली, टोके वाळली आणि बुडाजवळची पाने मऊ पडली. कुंडी मात्र ओलीच होती. वरचे पांढरे खडे चमच्याच्या दांड्याने हलवून पाहिले तर एकही खडा सुटेना, कारण ते सगळे पारदर्शक गोंदाने एकमेकांना चिकटवून कुंडीवर जणू झाकण बसवलेले होते. ते उचकटताच आंबूस वास आला. खाली पिळले तर पाणी निथळेल असे काळपट कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) होते, आणि त्यातल्या तपकिरी मुळाला बोटाने जरा ओढले की वरची साल सरकून येई व आतला बारीक दोरा तेवढा मागे राही. सक्युलंटचे मूळ कुजल्याची याहून स्पष्ट खूण नाही. मुळेच मेली की ओल्या मातीत उभे असूनही रोप तहानलेले राहते आणि पाने सुरकुततात. त्या सुरकुत्या पाहून माणूस आणखी पाणी घालतो आणि उरलेसुरले रोपही जाते.

रोपाची ओळख पटली ती रंगाच्या खाली. ओल्या कापसाने तो रंग निघत नव्हता, पण पानाच्या कडेला नखाने हलकेच उचलल्यावर निळा पापुद्रा सुटला आणि खाली गडद हिरवे पान व त्यावर पांढऱ्या उंचवट्यांचे आडवे पट्टे दिसले. मधोमध फुटणारी कोवळी पानेही हिरवीच होती. हे नर्सरीत ‘झेब्रा प्लांट’ नावाने मिळणारे हॉवर्थिया होय. मूळचे दक्षिण आफ्रिकेतले हे रोप कॅक्टस नसून आपल्या कोरफडीच्या कुळातले आहे. त्याला भरपूर उजेड हवा असतो, पण दुपारचे कडक ऊन सोसत नाही, आणि जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा तर ते उघड्या गच्चीवर भाजूनच निघते. म्हणजे रोपाचे नाव खोटे, रंग खोटा आणि निगेचा सल्ला तर रोपाच्या जिवावर उठणारा होता.

प्रत्येक निळसर रोप मात्र बनावट समजू नये. एचेव्हेरिया या फुलासारख्या रचनेत पाने असणाऱ्या सक्युलंटच्या काही जातींच्या पानांवर मेणासारखी पांढरी पूड असते आणि तिच्यामुळे पान निळसर-राखाडी दिसते. बोट लागले की ती पुसली जाऊन तेथे ठसा उमटतो. फवारलेला रंग असा पुसला जात नाही, बेचक्यांत साचतो आणि कित्येकदा त्याचे शिंतोडे कुंडीच्या काठावरही सापडतात. या थरामुळे पानाला उजेड कमी मिळतो, शिवाय ज्या सूक्ष्म रंध्रांतून अशी रोपे मुख्यतः रात्री हवा घेतात ती बुजतात. काही छोट्या काटेरी कॅक्टसच्या शेंड्यावर वाळके रंगीत फूल चिकटवलेले असते, तोही याच धंद्यातला प्रकार.

रोप वाचवण्यासाठी मी सगळे कोकोपीट झटकून टाकले, कुजलेली मुळे स्वच्छ ब्लेडने कापली आणि कापलेला भाग सुकेपर्यंत रोप सावलीत उघडे ठेवले. आपली काळी कसदार माती पाणी धरून ठेवते, म्हणून एक भाग मातीला दोन भाग जाड रेती व विटांचे बारीक तुकडे असे मिश्रण केले. लावल्यावर आठवडाभर पाणी दिले नाही. नंतर माती तळापर्यंत कोरडी झाली तरच देत गेले. रंग काढण्यासाठी थिनर किंवा रॉकेल कदापि लावू नये, त्याने पान जळते. नवी पाने येतील तशी रंगवलेली जुनी पाने आपोआप वाळून जातात. रोप आता पूर्वेच्या खिडकीत आहे आणि त्याला नवी मुळे धरली आहेत.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “ताई, तुमच्याकडून पाणी जास्त झालं असेल.” रोज वाटीभर पाणी घालायला त्यानेच सांगितले होते, याची आठवण दिल्यावर फोन बंद झाला, आणि नंतर त्याने तो उचललाच नाही.

स्टॉलवर खडे बोटाने हलवून पाहावेत, कोवळ्या पानांचा रंग बाहेरच्या पानांशी जुळतो का ते तपासावे आणि विक्रेता काढून दाखवत असेल तर मुळेही पाहावीत. बिलाचा आग्रह जरूर धरावा, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल मिळालेच नाही तर मोबाइलवरून पैसे दिल्याची नोंद आणि स्टॉलच्या पाटीसह रोपाचा फोटो जपून ठेवावा; राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवताना त्यांचा उपयोग होतो.