दिवे आपोआप लागू देत, स्पीकरला फक्त बेत सांगा: पावसाळा ते दिवाळी वापरल्यानंतर

स्मार्ट दिव्यांसाठी स्मार्ट स्पीकर घ्यावा का, असं विचाराल तर मी म्हणेन, जरूर घ्या, पण रोजचे दिवे लावायला नको. ते काम नियमांवर, म्हणजे ‘असं झालं की हा दिवा लाव’ अशा आधीच भरून ठेवलेल्या सूचनांवर सोडा. आज घरात नेहमीपेक्षा वेगळं काय चाललंय, तेवढंच स्पीकरला सांगा. पावसाळ्याच्या तोंडावर बसवलेली ही व्यवस्था आई-बाबांसकट सगळे अजून कुरकुर न करता वापरतायत, ते या वाटणीमुळेच.

पुण्यातला आमचा टू बीएचके. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट (हे नियम चालवणारं सॉफ्टवेअर), त्याला झिगबीचं (स्मार्ट उपकरणं जोडणाऱ्या वायरलेस पद्धतीचं) डोंगल, स्विचबोर्डांच्या मागे रिले (वायरलेस हुकुमावर दिवा चालू-बंद करणारे छोटे स्विच), पॅसेज-बाथरूममध्ये हालचाल ओळखणारे मोशन सेन्सर आणि हॉल-बेडरूममध्ये एकेक स्पीकर. स्मार्ट बल्ब मुद्दाम टाळले. खोलीतून निघताना बटण बंद करायची बाबांची आयुष्यभराची सवय, आणि बटण बंद झालं की स्मार्ट बल्ब नियमाचंही ऐकत नाही आणि आवाजाचंही. रिले असला की बटणही चालतं आणि बाकीचंही. मात्र बहुतेक रिलेंना न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर लागते. ज्या बोर्डात सॉकेट आहे तिथे ती असतेच. पलंगाशेजारच्या टू-वे स्विचमागे बऱ्याचदा नसते. खरेदीआधी इलेक्ट्रिशियनकडून एकदा बोर्ड उघडून बघून घ्या.

सगळ्यात जास्त समाधान दिलं ते आईच्या खाटेखालच्या सेन्सरने. खाटेच्या पायाशी, घोट्याच्या उंचीवर तो चिकटवलाय. कूस बदलली तर त्याला काही कळत नाही. पाय जमिनीवर टेकले की पॅसेजमधली दिव्यांची पट्टी 2200 केल्विनच्या पिवळसर उजेडात, फक्त पाच टक्क्यांवर लागते. डोळे दिपत नाहीत, झोप मोडत नाही. हालचाल थांबल्यावर दोन मिनिटांनी विझते. रात्री अंधारात चाचपडत जाणाऱ्या माणसाने आधी स्पीकरला हाक मारायची, तीही बाकीचे झोपलेले असताना? इथे आवाजाचं कामच नाही.

संध्याकाळचे दिवे घड्याळावर लावू नका. पुण्यात नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तर जुलैत सव्वासातच्या आसपास. सूर्यास्तावर नियम बांधला की हा फरक मिटतो, पण आषाढातल्या दुपारी चारलाच अंधारून येतं त्याचं काय? म्हणून खिडकीशी उजेड मोजणारा सेन्सर ठेवलाय. उजेड सलग पाच मिनिटं कमी राहिला तरच हॉलचे दिवे लागतात, नाहीतर प्रत्येक ढगागणिक उघडझाप.

आता आवाज. होम असिस्टंटमध्ये ‘इनपुट बुलियन’ नावाचा, कुठल्याही दिव्याला न जोडलेला नुसता चालू-बंद खटका करता येतो. असे तीन केले: पाहुणे, सिनेमा, बाळ. ते स्पीकरला साध्या स्विचसारखे दिसतात, आणि प्रत्येक नियम चालण्याआधी ते तपासतो. बहीण बाळाला घेऊन आली की आई म्हणते, ‘बेबी मोड ऑन करो’, आणि बेडरूममधले सेन्सरवरचे सगळे नियम थांबतात. कोणी दार उघडून आत डोकावलं तरी दिवा लागत नाही. बाळ झोपलंय हे कुठलाही सेन्सर ओळखणार नाही. ते माणसानेच सांगायला हवं. अलेक्सा असो की गूगल होम, ही मांडणी दोन्हीकडे करता येते.

आमचा स्पीकर हिंदी-इंग्रजीवर चालतो. आयुष्यभर मराठी बोललेल्या बाईने स्वतःच्या घरातल्या दिव्याशी हिंदीत बोलायचं, हे मला मनापासून खटकतं. त्यावर थोडा उपाय म्हणजे रुटीनचं, म्हणजे एका वाक्यावर स्पीकरने करायच्या कामांच्या यादीचं वाक्य आपण ठरवू शकतो. आईने ‘शुभं करोति’ म्हटलं की देवघराचा दिवा लागतो आणि हॉलमधला उजेड मंद होतो. हे वाक्य तो जवळजवळ नेहमी बरोबर ऐकतो.

वादळात इंटरनेट गेलं तेव्हा स्पीकर गप्प झाला. नियम आणि बटणं चालूच होती, कारण ती घरातल्या घरातच चालतात. रास्पबेरी पाय आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. रिलेच्या सेटिंगमध्ये ‘वीज परत आल्यावर’ असा पर्याय असतो, तो बेडरूमसाठी ‘बंद’ ठेवा, नाहीतर मध्यरात्री वीज आली की दिवे भसकन लागू शकतात.

न जमलेली गोष्ट एकच. स्वस्थ बसलेल्या माणसाला साधा मोशन सेन्सर ओळखत नाही, म्हणून वाचायच्या टेबलाशी मिलिमीटर वेव्हचा, म्हणजे रडारसारखा सेन्सर लावला. श्वासाची हालचालही तो टिपतो, पण छताचा पंखासुद्धा त्याला माणूस वाटतो. भिंतीवर छातीच्या उंचीला आणून पल्ला कमी केल्यावर टेबलाशी तो सुधारला. बेडरूममध्ये पंख्यापासून दूर जागाच नाही, त्यामुळे तिथे आपोआप विझवण्याचा नियम ठेवलेला नाही. ‘गुड नाइट’ म्हटलं की सगळं घर एकदम बंद होतं.

घर भाड्याचं असेल तर बोर्डाला हात न लावता झिगबीचे बल्ब घ्या, भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवा आणि त्याच्या शेजारी चिकटवायचं वायरलेस बटण लावा. खाली करताना सगळं काढून नेता येतं.