दादरचा ब्लॉग-पत्रकारितेचा वर्ग: पैसे वसूल, पण मुंबईवर अन्याय

रात्रपाळीच्या उपसंपादकाला शनिवारी दुपारी झोप सोडून वर्गात बसवणं सोपं नाही. ‘ब्लॉगने पत्रकारिता कशी बदलली’ हे शीर्षक ऐकून तर मी हातच जोडले होते. डेस्कवरच्या एका पोरीने गळच घातली, म्हणून छबिलदासच्या गल्लीत जाऊन अडीच हजार मोजले.

शिकवणाऱ्या मॅडम जबरदस्त. आल्या आल्या दोन कागद हातात ठेवले. एक, अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या लष्करी सेवेबद्दलचं १९७३ सालचं म्हणून तिथल्या सीबीएस वाहिनीने २००४ मध्ये दाखवलेलं टिपण. दुसऱ्यावर तोच मजकूर, वर्डमध्ये टाइप केलेला. ‘ट्यूबलाइटसमोर एकावर एक धरा,’ म्हणाल्या. ओळी तिथेच तुटत होत्या, अक्षरावर अक्षर बसत होतं. त्या काळच्या टाइपरायटरवर हे जमणं कठीण. टिपण बनावट असल्याची ही शंका ब्लॉगवाल्यांनी रातोरात काढली आणि वाहिनीला पुढे माफी मागावी लागली. आमच्याकडे मुद्रितशोधकांना घरी पाठवलं तेव्हा कुणाला हळहळ वाटली नव्हती. असो.

मॅडमचा मुद्दा असा की वर्तमानपत्रं जिथे कमी पडतात तिथे ब्लॉग शिरतो, म्हणून देश बदलला की त्याचं कामही बदलतं. इराणमध्ये २००० साली सुधारणावादी दैनिकांना टाळी लागली आणि पत्रकार ब्लॉगकडे वळले. दक्षिण कोरियात त्याच वर्षी ओमायन्यूज या बातम्यांच्या संकेतस्थळाने ७२७ नागरिक-वार्ताहर घेऊन दुकान मांडलं. मजकूर तपासायला संपादक होतेच. २००२ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकल्यावर रोह मू-ह्यून यांनी पहिली मुलाखत दिली ती ओमायन्यूजलाच. जपानची गंमत वेगळी. टेक्नोराटी या ब्लॉग शोधणाऱ्या संकेतस्थळाच्या मोजणीत २००६ च्या अखेरीस जगातल्या ३७ टक्के ब्लॉगनोंदी जपानीत होत्या, इंग्रजीहून एक टक्का जास्त. पण बऱ्याचशा टोपणनावाने लिहिलेल्या रोजनिश्या. तिथली बडी दैनिकं ढिम्म.

तक्रार मुंबईबद्दल आहे. आपलं शहर एका स्लाइडमध्ये उरकलं! जुलै २००६ च्या लोकल स्फोटांनंतर लोक ब्लॉगवर जखमींची माहिती, मदतीचे नंबर टाकत होते. त्याच आठवड्यात सरकारने मोजकी पानं बंद करायला सांगितली आणि इंटरनेट कंपन्यांनी सरसकट ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकलं. यावर एक अख्खा शनिवार हवा होता. २६ जुलै २००५ च्या पुराचा तर नुसता फोटो दाखवला. मराठी ब्लॉगचं एकही उदाहरण नाही, आणि प्रमाणपत्रावर ‘पत्रकारीता’. मी लाल पेनाने दुरुस्त करून परत दिलं, मॅडम हसल्या.

डेस्कवर नवीन लागलेल्यांनी जरूर जावं. नुसता ब्लॉग सुरू करायचा असेल तर पैसे वाचवा, त्यातलं इथे काही शिकवत नाहीत. वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट बहुतेक वेळा बंद, आणि एसीखालची रांग टाळा, पाणी ठिबकतं.